मागे केलेला हात

१

अप्पांची मोटारसायकल मी पुन्हा सुरू करणार, असं जाहीर केलं तेव्हा आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, की आधी तुझे गुडघे का नाही सुरू करत. मी म्हटलं, गुडघ्यांचे पार्ट बाजारात मिळत नाहीत, गाडीचे मिळतात. ते हसले, पान उलटलं, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी या माणसाला माझा स्वभाव कळलेला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. घराच्या मागेच पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. ते गेले, गॅरेज बंद झालं, हत्यारं बरीचशी इकडेतिकडे गेली. उरली त्यांची स्वतःची गाडी. एका सिलिंडरची, जडशीळ, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, अशी जुन्या चालीची. ताडपत्रीखाली ती इतकी वर्षं उभी होती की ताडपत्रीलाच तिचा आकार आला होता. मी बस डेपोच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, जन्मभर नटबोल्ट दिले-घेतले, आणि निवृत्त झाल्यावर आईला सांभाळायला आम्ही दोघं या घरात राहायला आलो.

आईचं विसरणं हळूहळू आलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग माझ्या धाकट्या बहिणीचं गेलं, मग माझं. घरात मला सगळे थोरली म्हणतात, आईही तेच म्हणायची. आता ती मला बाई म्हणते. फार अदबीनं वागते माझ्याशी. मी तिचे केस विंचरते तेव्हा म्हणते, "बाई, तुमचा हात हलका आहे हो. तुमच्या आईनं चांगलं वळण लावलंय." हे ऐकायचं आणि हसायचं. मी हसते. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि पोटभर रडून घेते.

एका दुपारी गल्लीतून कुणाची तरी जुनी मोटारसायकल फट्फट् करत गेली. आई जेवत होती. तिचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "आले." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. माझं नाव तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, कुणी काही म्हणो. तेवढ्यात आवाज लांब गेला आणि ती पुन्हा ताटाकडे बघायला लागली.

त्याच दुपारी मी ताडपत्री ओढून काढली.

२

काय सांगू, काय मजा आली. साठी उलटलेली बाई जमिनीवर फतकल मारून बसलीय, कोपरापर्यंत काळे हात, कपाळावर ग्रीस, आणि तोंडानं गाणं चाललंय. शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि काही न बोलता परत गेली. तिनं बहुतेक ह्यांची कीव केली असावी.

इंजिन पार जाम झालेलं. किकवर उभी राहिले तरी किक खाली जाईना, आणि माझं वजन काही कमी नाही. मग प्लगच्या भोकातून तेल सोडलं आणि ठेवलं मुरायला. रोज सकाळी गिअर टाकून मागचं चाक जरा पुढे, जरा मागे, असं डुलवायचं, इंजिन सुटेपर्यंत. तोवर टाकी काढली. आत गंजाचे पापुद्रे. टाकीत मूठभर नट टाकले, रॉकेल ओतलं, आणि टाकी मांडीवर घेऊन हलवत बसले. हे म्हणाले, नातू झोपत नाहीये का. मी म्हटलं, दात येतायत त्याला.

पार्टच्या दुकानदाराला सगळे चष्मा म्हणतात, कारण तो कपाळावरचा चष्मा गल्लाभर शोधत असतो. त्यानं गाडीचं नाव ऐकलं आणि मला बसायला स्टूल दिलं. ताई, म्हणाला, ही गाडी दिवाणखान्यात ठेवा, वर फुलदाणी ठेवा. पण मागच्या खोलीत जाऊन त्यानं पॉइंटचा नवा सेट आणि पॅकिंग हुडकून आणलं, आणि गाडी सुरू झाली की एकदा दाखवायला आणा, असं दोनदा बजावलं.

आता अप्पांच्या कामाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अप्पा काम करताना मागे वळून बघत नसत आणि बोलतही नसत. उजवा हात मागे करायचे, पंजा उघडा. मागे मी उभी. ते कुठल्या बोल्टपाशी आहेत ते बघायचं, त्याला काय लागेल ते ओळखायचं, पाना फडक्यानं पुसायचा आणि त्यांच्या पंजात ठेवायचा. चुकला तर पंजा तसाच उघडा राहायचा. बरोबर असला तर मिटायचा. शाबासकी नाही, काही नाही. मिटलेली मूठ हीच शाबासकी. लहानपणीच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या पंजाच्या मागे उभं राहून गेल्या, आणि मला त्या फार आवडायच्या.

काम करता करता माझाही हात तसाच मागे जायचा. रक्तातलं जातंय कुठे. मग माझं मलाच हसू यायचं, आणि गुडघ्यांना शिव्या घालत मी उठून पाना घ्यायचे.

३

कार्बोरेटर उतरवत होते त्या दिवशीची गोष्ट. ऊन शेडच्या दारातून आत आलं होतं, पत्रा तापून अधूनमधून टण्‌ करत होता. मी आडव्या अंगानं, मान वाकडी करून, एका नटाशी झटत होते. नट निघाला, त्याच्या मागचा दिसला, तो एक नंबर लहान होता. हात मागे गेला. पंजात पाना आला. मी नट सोडवला, पाना बाजूला ठेवला, कार्बोरेटर हातात घेतला आणि फुंकर मारली.

मग मी थांबले.

मागे वळले तर कुणी नव्हतं. दार उघडं, अंगणात दोरीवरचे कपडे, बस्स. हत्यारांचा पत्र्याचा डबा माझ्या पाठीमागे होता, पण हात पुरेल इतका जवळ नव्हता. मी बसल्या जागेवरून हात लांब करून बघितला. वीतभर कमीच पडत होता.

म्हटलं, आधी आणून ठेवला असेल. माणूस एकीकडे लक्ष असलं की दहा कामं न कळत करतो. मी गॅसवर दूध ठेवून विसरते ते काय भुतं ठेवतात? मी त्या पान्याकडे बघितलं. माझी बाकीची सगळी हत्यारं त्या दिवसापर्यंत ग्रीसनं बरबटलेली होती, कारण मी एकटी, पुसत बसायला वेळ कुणाला. हा पाना लख्ख होता. मुठीपासून टोकापर्यंत पुसलेला.

तेही मीच पुसलं असेल, म्हटलं. आणि कार्बोरेटरचे जेट, पेट्रोल येतं ती बारीक भोकं, साफ करायला घेतले, कारण ते फार नाजूक काम असतं आणि त्यात जीव रमतो. घाबरले का? खरं सांगायचं तर नाही. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याच्याबद्दल फार विचार करू नये असं वाटलं.

४

त्यानंतर ते रोज व्हायला लागलं. रोज म्हणजे मी हात मागे केला की. आणि मी करत होतेच, खोटं कशाला बोलू.

मला वाटलं, आई असेल. आईनंही अप्पांना हत्यारं दिली होती, मी व्हायच्या आधी. आणि आई त्या दिवसांत बदलत होती, हे ह्यांनीसुद्धा मान्य केलं. दुपारी झोपायची ती झोपेना. केस नीट करून मागायची. गुणगुणायची. शेडच्या दाराशी तिच्यासाठी मी एक खुर्ची ठेवली, मांडीवर एका ताटलीत जुने वॉशर दिले, ते ती मोठे-लहान असे लावत बसायची आणि मधूनच हसायची. वर्षभरात एवढी हसली नव्हती. माझ्याकडे बघून हसायची असं मी धरून चालले होते. मग लक्षात आलं, ती माझ्या खांद्यावरून जरा वर बघते.

म्हणजे आई उठते, पाना देते, परत जाऊन बसते. साधी गोष्ट. मला इतका आनंद झाला की मी रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगितलं. आईचे हात अजून विसरलेले नाहीत, मी म्हटलं, आज तिनं मला क्लचच्या वेळी पक्कडसुद्धा बरोबर दिली. हे घास थांबवून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आज दुपारभर आई माझ्याजवळ होत्या. पुढच्या खोलीत. आम्ही जुने फोटो बघत होतो, त्यांना मी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण चहा दोनदा झाला.

मी उगीचच त्यांना आणखी भाजी वाढली. तेच पुढे म्हणाले, आणि सहज म्हणाले, की पाना तूच जवळ ठेवत असशील, तूच उचलत असशील आणि विसरत असशील. आईवर जाऊ नको म्हणजे झालं.

गंमत केली त्यांनी. पण आईचंही असंच सुरू झालं होतं. किल्ल्या कुणीतरी आणून ठेवतं म्हणायची. कुणीतरी दार लावतं म्हणायची. त्या रात्री मी पडल्या पडल्या डेपोतल्या सगळ्या रॅकवरचे पार्ट क्रमानं आठवले. एकही चुकला नाही. तरी झोप आली नाही ती नाहीच.

५

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. सगळी हत्यारं डब्यात भरली, झाकण दाबून लावलं, आणि डबा शेडच्या पार पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवला. आई आत ह्यांच्याबरोबर. दार ओढून घेतलं. मग गाडीपाशी बसले, पाठ डब्याकडे करून, आणि प्लग बसवायचा म्हणून हात मागे केला.

काही झालं नाही. पंजा उघडा, हाताला कळ लागायला लागली. पत्रा टण्‌ करून वाजला. कुठेतरी कुणी बादली भरत होतं, तिचा आवाज बारीक होत होत थांबला. मी मोठ्यानं हुश्श केलं. म्हटलं बघ बाई, सगळे तुझ्याच मनाचे खेळ, आता ऊठ आणि पाना घे.

तेव्हा झाकण उघडल्याचा आवाज आला. ते झाकण गच्च होतं, उघडताना किंचाळायचं. आता ते हळूच उघडलं, झोपलेल्या घरात कुणी उघडावं तसं. मग हत्यारांची खुडबुड. मग फडकं झटकल्याचा आवाज. आणि माझ्या तळहातावर काहीतरी आलं, पातळ आणि थंड.

प्लगचा पाना नव्हता तो. गेजची पत्ती होती. इंजिनात ठिणगी पडते त्या दोन पॉइंटमध्ये केवढी फट हवी, ते मोजायची पत्ती. मी ती फट मोजायला साफ विसरले होते. नवा सेट बसवला आणि तसाच झाकून टाकला होता. तशी गाडी जन्मात सुरू झाली नसती.

माझा पंजा उघडाच राहिला. मला तो मिटवता येईना. मिटला तर बोटांना आणखी काही लागेल, असं वाटलं. पत्ती खाली पडली, तिचा बारीक आवाज झाला, आणि मी धावत घरात गेले. गुडघे कसे चालले कुणास ठाऊक.

मग बरेच दिवस मी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. ह्यांना सांगितलं, कंबर धरली. आणि आई विझत गेली. गुणगुणणं गेलं, केस विंचरायला बसेना. खायला घातलं तर तोंड फिरवायची. मला बाई म्हणायचंही सोडलं तिनं. मी नुसतं कुणीतरी झाले, खिडकी किंवा कपाट. माझ्या जिवाला काय होत होतं ते मीच जाणे. मग एका सकाळी मी तिला औषध देत होते, तर तिनं माझं मनगट धरलं.

"बाई," ती म्हणाली, "ते मागे तुमच्यासाठी थांबलेत. तुम्ही का जात नाही?"

मी म्हटलं, कोण थांबलंय. ती माझ्याकडे बघत राहिली, अडाण्याकडे बघावं तशी. मी औषध पाजलं, तोंड धुतलं, आणि शेडमध्ये गेले. भीती वाटत होती का? वाटत होती. पण घरात बसून जे बघत होते त्यापेक्षा कमीच.

६

फट मोजली. पॉइंट लावले. हात मागे केला, जे लागलं ते आलं. पाठ थंड पडायची, मानेवरचे केस उभे राहायचे, आणि तरी काम असं झरझर व्हायचं की विचारू नका. एकट्यानं झटायचं आणि दोघांनी काम उरकायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी मागे बघत नव्हते. अप्पाही बघत नसत. मला वाटतं, बघितलं असतं तर काम थांबलं असतं. एकदाच तेवढं, चाकाखाली वाकले असताना, डोळ्याच्या कोपऱ्यात डब्याशेजारी दोन पायांची सावली दिसली. मी चाकाच्या तारा घट्ट करत राहिले.

आई पुन्हा खुर्चीत येऊन बसली. पुन्हा जेवायला लागली.

गाडी सुरू झाली ती एका स्वच्छ, भरदुपारी. आधी किक मारून मारून माझा दम निघाला. नुसता फुस्स आवाज. हे दारात उभे, रिक्षा बोलावू का म्हणाले, गाडीसाठी की तुझ्यासाठी. मी रागानं सगळं वजन टाकलं. आणि एक दणका बसला, निळा धूर आला, आणि गाडी बोलायला लागली. तसा आवाज नव्या गाड्यांना नाही. एकेक ठोका वेगळा ऐकू येतो, पोटात जाणवतो. पत्रा थरथरला, डब्यातली हत्यारं वाजली, दोरीवरचे कपडे हलले. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. हो, आमच्या ह्यांनी. मी रडत होते, हसत होते, आणि ग्रीसच्या हातानं डोळे पुसत होते.

आई खुर्चीतून उठली. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, आता म्हणेल, आता. ती माझ्याकडे चालत आली, मला जरा बाजूला केलं, आणि माझ्या मागे बघून म्हणाली, अहो, किती उशीर. मग माझ्याकडे वळली.

"बाई, तेवढा चहा टाकाल का? हे आलेत."

मी चहा टाकला. काय करणार.

७

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आईला मागे बसवून फेरी मारायची ठरली. ह्यांचा विरोध होता. मी म्हटलं, सायकलच्या वेगानं जाईन, गल्ली, मैदानाला वळसा आणि परत. आईला स्वेटर घातला. ती मागच्या सीटवर बसली ती काल उतरल्यासारखी, मदत न घेता. पुढची सीट स्वतंत्र, खाली दोन जाड स्प्रिंगा. मी बसले, स्प्रिंगा कुरकुरल्या, आणि आम्ही निघालो.

गल्ली गेली, दुकानं गेली. चष्मा दुकानाच्या पायरीवर उभा होता, त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन सलाम ठोकला. मैदानाच्या कडेची मोठी झाडं लागली आणि मी गिअर वाढवायला पाय दाबला. चुकीचा पाय. इतकी वर्षं डाव्या पायात गिअर असलेली नव्या चालीची मोटारसायकल चालवलेली, डावा पायच दाबला, आणि त्या बाजूला ब्रेक. गाडी आचका देऊन बंद पडायला हवी होती. पडली नाही. गिअर मऊसूत पुढचा पडला. माझा उजवा पाय हललाही नव्हता.

तेव्हा आई बोलायला लागली. माझ्या कानाशी, हात माझ्या खांद्यावर. म्हणाली, गाडी छान लागलीय हो. पोरीनं लावली ना?  मग ती म्हणाली, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही:

"थोरलीला कधी तोंडावर सांगत नाही तुम्ही. नुसता हात मिटता. तिला काय कळणार त्यातून? पोर किती जीव लावते. मला न्हाऊ घालते, विंचरते, आणि तिकडे जाऊन रडते. मला ऐकू येतं."

रस्ता मला दिसेना. एवढं सगळं तिच्या आत होतं. मला ती ओळखत होती, माझं रडणंसुद्धा तिला ठाऊक होतं, आणि हे मला कळायला मी माझ्या बापाच्या जागी पाठमोरी बसायला हवं होतं. मला म्हणायचं होतं, आई, मीच आहे गं. तोंड उघडलं. पण तेवढ्यात ती थांबली, ऐकल्यासारखी, आणि खुदकन हसली. कुणीतरी तिला उत्तर दिलं होतं. मी दिलं नव्हतं. मी इंजिनाखेरीज काही ऐकलं नाही, पण माझ्या छातीच्या आत, अगदी खोल, कुणी जाड आवाजात बोलल्यावर खोली घुमते तसं काहीतरी घुमलं.

"बरं, बरं," आई म्हणाली. "मग तिलाच सांगा."

मी घराकडे वळले. की गाडी वळली. आता सांगता येत नाही.

८

गेट बंद होतं. गाडी चालू ठेवून स्टँड लावला आणि गेट उघडायला मी उतरले. एक हात हँडलवरच होता. मी उतरल्यावर सीटच्या स्प्रिंगा कुरकुरून वर आल्या, जशा यायला हव्या. मग त्या पुन्हा खाली गेल्या. आधी एका बाजूनं, मग दोन्ही. सावकाश, जड अंगाचा माणूस पाय पलीकडे टाकून बसतो तशा.

आईनं हात पुढे केला आणि हवेत टेकवला. लोंबकळत नव्हता तो हात. बोटं कशावर तरी विसावली होती. आणि मग तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्यावरून नाही, मागे नाही. माझ्या डोळ्यांत.

"थोरले," ती म्हणाली, "गेट उघडं ठेव. आम्ही जरा जाऊन येतो."

तो शब्द तिनं मला उद्देशून म्हटल्याला वर्ष होऊन गेलं होतं. माझ्या बोटाजवळच चावी होती. एकदा फिरवली की इंजिन बंद, आई खाली, सगळे सुखरूप, आणि उद्यापासून मी पुन्हा बाई. शहाण्या माणसानं चावीच फिरवली असती. चावी माझ्या हातून फिरेना. आणि नुसता हात सोडून द्यायचीही छाती होईना, कारण हे दोघं कुठवर जातील, याची हमी कुणी द्यावी. कायमचं जायचं असलं तर माणूस काय सांगून जातो?

टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद केला तरी गाडी लगेच थांबत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल उरलेलं असतं तेवढ्यावर चालते. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, फार तर वळून थोडी पुढे. त्याच्यापलीकडे कुणाच्या बापाला ती नेता यायची नाही.

मी वाकले आणि कॉक बंद केला. मग हँडल सोडलं.

स्टँड वर गेला. क्लचची मूठ दबली, गिअर पडला, खट्. आईनं मान हलवून माझा निरोप घेतला. गाडी निघाली, सावकाश, रस्त्याच्या डाव्या कडेनं, नेमकी. आईचे पांढरे केस भुरभुर उडत होते आणि पाठ ताठ होती. कोपरा आला, गाडी झुकली, आणि दिसेनाशी झाली. आवाज येत होता. मग ठोके विरळ झाले, एक चुकला, दोन चुकले. आणि आवाज थांबला.

हे बाहेर आले, आई कुठे म्हणाले.  मी कोपऱ्याकडे बघत होते. तिथे एक कुत्रं बसलं होतं, ते उठलं आणि बाजूला झालं. मी देवाला, अप्पांना, कार्बोरेटरला, सगळ्यांना हात जोडले. म्हटलं, तो एक शब्द परत घ्या, तिला परत द्या.

कोपऱ्यावरून आई आली. चालत, एक चप्पल हातात घेऊन, हसत. हसून हसून तिला चालवत नव्हतं. आणि तिच्या मागून गाडी आली. इंजिन बंद, साखळीचा नुसता टिकटिक आवाज. चालत्या माणसाच्या वेगानं येत होती, सरळ उभी, जराशी एका अंगाला कललेली. हँडल धरून कुणी बाजूनं ढकलत आणलं की गाडी त्याच्याकडे कलते, तेवढीच. हे म्हणाले, अगं, गाडी, आणि पुढचं त्यांनी बोलायचं सोडून दिलं.

"थोरले, बघत काय राहिलीस?" आई लांबूनच ओरडली. "पेट्रोल संपलं. बापाला हात लाव की."

मी गेले. पळतच गेले. हँडलच्या बाजूला बघितलं नाही, मान खाली घालून थेट मागे गेले आणि कॅरिअरवर दोन्ही तळवे टेकले. गाडी जड होती, फार जड. मी जोर लावला आणि ती हलकी झाली. गेटाच्या उंबऱ्याला पुढचं चाक अडलं. पुढून कुणीतरी खाकरलं, की आता दोघांनी एकदम. मी सगळं अंग लावलं, आणि चाक आत गेलं.